बारा मिलिमीटर

कपाट तसं रिकामंच होतं.
चार शर्ट, कारखान्याचा निळा डगला,
आणि लग्नातला सूट, जो कुणाला दिला नाही
आणि घातलाही नाही पुन्हा.
सगळं खुर्चीवर काढून ठेवलं
आणि कपाटाच्या दाराला करवत लावली.

तुर्कूत नोव्हेंबरमध्ये चारलाच अंधार.
खालच्या आइलीबाईंनी छताला दोनदा झाडू ठोकला,
मग स्वतःच वर आल्या.
"शवपेटी करतोस की काय, इल्पो?"
म्हटलं, उंदरांना घर.
त्यांनी भुशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"दहाच्या आत आटप," म्हणाल्या.

जाळी घेताना दुकानातल्या पोराला सांगितलं,
बारा मिलिमीटर. त्याहून मोठं भोक नको.
डोकं गेलं की उंदीर गेला,
बाकीचं अंग मुकाट मागून येतं.
तो म्हणाला, कोंबड्यांना एकोणीसची पुष्कळ खपते.
कोंबड्या नाहीत, म्हटलं, माझ्या मुलीच्या तिघी आहेत,
नाप्पी, मुरू आणि म्हातारी त्युने.
तिच्या आईच्या नव्या घरात
कुणाला तरी त्यांच्यामुळे शिंका येतात,
म्हणून त्या माझ्याकडे.
त्या माझ्याकडे, म्हणून केर्त्तूसुद्धा,
एक आड एक शुक्रवारी.
हे शेवटचं त्याला सांगितलं नाही.

सव्वीस वर्षं मी जहाजांत केबिनी बसवल्या.
पलंग, आरसा, समुद्राचं चित्र जिथे खिडकी नाही तिथे.
लोकांनी आत काय केलं मला माहीत नाही,
माझं काम दार बसेपर्यंत.
इथे मात्र रोज रात्री
जुन्या पिंजऱ्यापाशी उकिडवा बसून बघायचो
कोण कुणाच्या अंगावर झोपतं,
कोण पाव पळवून कोपऱ्यात नेतं,
कुणाला कोपराच उरत नाही.

फळ्यांना रंगाचे तीन हात, मूत मुरू नये म्हणून.
जाळी व्हिनेगरने धुतली.
दोन दिवस घरभर लोणच्याचा वास,
माझ्या उशीलाही.
डोंगर पोखरला की उंदीर निघतो म्हणतात.
माझे उंदीर आधी निघाले होते,
डोंगर मी मागाहून रचला:
तीन मजले, जुन्या जीन्सचे दोन झोके,
गटाराच्या नळीचा बोगदा,
आणि उभ्या शिड्या, जहाजावर असतात तशा.
शिड्यांवर माझा फार जीव.

शुक्रवारी केर्त्तू आली. बूट न काढता
पिंजऱ्यात खांद्यापर्यंत शिरली.
मी सुताराचा चेहरा करून उभा.
आतून तिचा आवाज आला, डब्यातून यावा तसा,
"बाबा, त्युनेला हे चढता येणार नाही."

त्युने दोन वर्षांची. मागचे पाय आता
तिच्या मागून येतात, ओल्या मोज्यासारखे.
मला दिसत होतं की. रोज बघत होतो.
तरी शिड्या उभ्याच ठोकल्या होत्या.

मग काढल्या. उतरत्या फळ्या केल्या,
पाय घसरू नये म्हणून त्यांवर दोरी गुंडाळली.
केर्त्तूने ओठांत स्क्रू धरले
आणि तशीच बोलत राहिली, गणिताच्या बाईंबद्दल,
त्या घरातल्या कुत्र्याबद्दल,
जो अजून आणलेला नाही पण आणणार आहेत.
मी विचारलं नाही, कुत्र्याने शिंका येत नाहीत का.
साडेअकरा झाले. झाडू वाजला नाही.

तिघींना सोडलं. नाप्पी वर गेली, खाली आली.
मुरूने माझी दोरी कुरतडली.
मग तिघी सगळ्यात खालच्या मजल्यावर,
माझ्या लोकरी मोज्यात, एकीवर एक.
वरचे दोन मजले तसेच.
केर्त्तू हसली. मीही, थोडं उशिरा.

कपाट गेल्यामुळे तिचं जाकीट जमिनीवर पडलं होतं.
उरलेल्या स्क्रूंनी दारामागे एक हुक ठोकला,
तिचा हात पोचेल एवढा.
तिने जाकीट अडकवलं. बाह्या फरशीला टेकल्या.
हुक फार खाली लागला होता.
"राहू दे," ती म्हणाली.